ओहोळाची लांबी

बैलूरच्या डोंगराखालचा तो ओहोळ
एका कागदावर साडेसात किलोमीटर होता,
दुसऱ्या कागदावर सव्वाअकरा.
पहिला कागद पुण्याचा, दुसरा बेंगळूरचा,
आणि दोन्ही खेपेला रोजावर, साखळीचं टोक धरून
गुडघाभर पाण्यात उभा होता एकच माणूस:
भरमाण्णा जांबोटकर, माझा बाप.

साहेबांनी विचारलं, चूक कुणाची?
बाबा म्हणाला, चूक न्हाई ओ कुणाची.
पुन्याच्या साहेबांस्नी जेवायच्या आत परत जायाचं होतं,
लांब साखळी टाकत गेले,
वळणाच्या पोटातनं थेट पल्याड.
तुमच्या मान्सानं फुटाफुटानं धरलं,
मग हर वळसा हिशोबात आला.
आता मी वितीनं धरू काय? वीस भरंल.
आणि त्या खेकड्याला मोजायला लावला
तर तुमचा कागद पुरायचा न्हाई.

नोंदवहीच्या रकान्यात एकच आकडा मावत होता.
साहेबांनी टोपण लावलं पेनाला.

मी तेव्हा सात वर्षांची. काठावर नेचा तोडत बसलेली.
पानाला पानं, त्या पानांना पुन्हा तसलीच पानं,
शेवटचं पान नखापेक्षा बारीक, तरी आकार तोच.
मला वाटलं, नेच्याला एकच गोष्ट येत असावी,
म्हणून तीच तो लहान आवाजात पुन्हा सांगतो.

पुढं बेळगावात, कॉलेजात,
हिरेमठ सरांनी फळ्यावर त्रिकोण काढला,
त्याच्या बाजूंवर धाकटे त्रिकोण, त्यांवर आणखी धाकटे.
जागा फळ्याबाहेर जात नाही, म्हणाले,
कड मात्र संपणार नाही.
खडू मोडला त्यांचा.
सगळी मुलं हसली. मी हसले नाही,
मला फळ्यावर पाणी दिसत होतं
आणि ओल्या धोतराचा काठ.

आता मी शिकवते.
कडोलीची गंगव्वा पाटी उतरवते तेव्हा पहिलं गिऱ्हाईक मीच.
एष्टु बेकु? ती विचारते.
एकच, म्हणते मी, पण घट्ट गड्ड्याचा दे.
वर्गात फ्लॉवरचा तुरा मोडते, आत तसाच गड्डा.
त्याचा तुरा मोडते, पुन्हा तसाच.
मागच्या बाकावरनं प्रश्न येतो, असं किती वेळा, मॅडम?
खरं सांगायचं तर चारदा.
पाचव्या वेळी बोटांत नुसता चुरा राहतो.
सूत्राला थांबता येत नाही.
भाजीला येतं.
(चुरा डब्यात भरून घरी नेते. रस्सा बरा होतो.)

ओहोळ अजून तिथंच आहे, म्हणजे तिथं नाही:
दर पावसाळ्यात एखादं वळण गिळतो,
दुसरीकडं नवं काढतो,
अलीकडची चार झाडं पलीकडं ठेवून देतो.
दोन्ही कागद कुठल्या तरी कपाटात
आपापल्या आकड्यावर ठाम.

रात्री मी भिरंडेल कोमट करते.
बाबा पाय पसरून देतो.
टाचेवर एक मोठी भेग, तिला फुटलेली फांदी,
फांदीला फाटे, फाट्याला केसाएवढी चीर.
तेल नेमकं तिथं पोचतं आणि तो पाय आखडून घेतो.
चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या हद्दीतनं चाललेली ही टाच
माझ्या एका ओंजळीत मावते.
तिच्या भेगा मावत नाहीत.

किती झालं गं?
डोळे मिटून तो विचारतो,
पल्याडच्या काठावरनं ओरडायचा तसा.
मी बोट पुढच्या फाट्यात घालते.
धरून ठेव, बाबा.
अजून चाललंय.